घराची आवराआवर आणि मनावरचं ओझं

(बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी अभ्यास पाठ)

 

गटाच्या बैठकीत आपण बचतीचं बोलतो, कर्जाचं बोलतो, परतफेड कुणाची राहिली ते बोलतो. पण "मन कसं आहे?" हा प्रश्न इतिवृत्तात कधी येत नाही. विचारलं तरी "बरं आहे" एवढ्यावर विषय संपतो. म्हणून या वेळचा पाठ मनाचा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या रोजच्या ओळखीच्या जागेपासून, म्हणजे घराच्या आवराआवरीपासून केली आहे.

हा पाठ "घर स्वच्छ ठेवा" हे सांगण्यासाठी नाही. ते आपल्याला लहानपणापासून पुष्कळ जणांनी सांगून झालं आहे. घराची अवस्था आणि मनाची अवस्था यांचा एकमेकींशी काय संबंध आहे, आणि आपण गट म्हणून त्यात काय करू शकतो, एवढंच इथे समजून घ्यायचं आहे. पाठ मोठा आहे. सीआरपी ताईंनी तो दोन बैठकांत घ्यावा. पहिल्या बैठकीत भाग १ ते ३, दुसऱ्या बैठकीत भाग ४ ते ६.

भाग १. पसारा दिसला की जीव का घाबरतो?

"काय सांगू बाई, सकाळी उठून घराकडे पायलं की जीव घाबरते." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी म्हटलेलं आहे. काम तर रोजचंच असतं, मग जीव का घाबरतो?

कारण पडलेली प्रत्येक वस्तू म्हणजे एक राहिलेलं काम असतं. खाटेवरचे कपडे म्हणतात, आम्हाला घडी घाला. न्हाणीतली भांडी म्हणतात, आम्हाला घासा. कोपऱ्यातलं फाटलेलं पोतं म्हणतं, मला शिवायचं होतं ना? हात एकाच कामात असतो, पण डोळे दहा कामं पाहतात आणि डोकं दहाही कामं मोजत राहतं. संध्याकाळी अंग दुखतं ते हातांनी केलेल्या कामाने. डोकं जड होतं ते न झालेल्या कामाने.

यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात दोन महिला संशोधकांनी नोकरी करणाऱ्या ६० नवरा-बायकोंना आपापलं घर फिरून दाखवायला सांगितलं आणि ते काय बोलतात ते टिपून घेतलं. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. घर दाखवताना ज्या बायका "इथे पसारा आहे", "हे काम अर्धं राहिलंय" असं जास्त बोलल्या, त्यांचं मन दिवस चढत जाईल तसं अधिक उदास होत होतं. आपल्या शरीरात ताणाचं एक रसायन असतं. ते सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत कमी व्हायला हवं. या बायकांमध्ये ते हवं तसं उतरत नव्हतं. ज्या बायकांनी घराबद्दल बोलताना आराम, झाडं, मोकळी जागा यांचा उल्लेख केला, त्यांचं मन दिवसाअखेर हलकं होत होतं.

हा संबंध दिसला तो बायकांमध्ये. घर एकच, पसारा तोच. पण राहिलेलं काम आपलं आहे असं बाईला वाटतं, म्हणून त्याचा भारही तिच्यावर येतो. पाठाचा पुढचा सगळा भाग या एका गोष्टीवर उभा आहे.

आता याची उलट बाजूही पाहू. पसाऱ्याने मन उदास होतं, तसंच मन उदास झालं की पसारा होतो. जिच्या अंगणात रोज सडा पडायचा, तिच्या दारात चार दिवस फडा फिरलेला नसतो. तिला आळस आलेला नसतो, तिच्या अंगातलं बळ गेलेलं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून घर पाहून बाईचा निवाडा करू नये. त्याबद्दल भाग ५ मध्ये सविस्तर बोलू.

भाग २. आपल्या जिल्ह्यातलं घर

टीव्हीवरच्या मालिकेतलं घर पाहा. चार माणसं आणि दहा खोल्या. कुठे पोतं नाही, टोपलं नाही, पायाला माती नाही. ते घर डोळ्यासमोर ठेवून आपण आपल्या घराकडे पाहिलं तर मन खट्टू होणारच.

आपलं घर म्हणजे नुसती राहण्याची जागा नाही. ते गोदाम आहे, कारखाना आहे, कधी कोठासुद्धा आहे. घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूर, नांदुरा, मलकापूरकडे वेचणी झाली की कापूस घरात येतो. भाव पडलेला असला की तो घरातच थांबतो. एका खोलीत छताला टेकेल एवढा कापूस आणि दुसऱ्या खोलीत सगळं घर. कपड्यांना कापूस, अंथरुणाला कापूस, अंगाला खाज, मुलं रात्री खाजवत बसतात. घाटावर चिखली, मेहकरकडे सोयाबीनचे कट्टे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यामागे उंदरांचं राज्य. हा पसारा बाईच्या आळसाने झालेला नाही. बाजारात भाव नाही म्हणून तो घरात आला आहे. अशा घरात राहणारी बाई "माझं घर नीट नाही" म्हणून स्वतःला दोष देते, तेव्हा भावाचा दोष ती स्वतःवर घेत असते.

पाण्याचंही तसंच आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात भांडी दोन वेळा घासणं आणि फरशी रोज पुसणं कसं जमेल? मृगाच्या पेरणीत, निंदणाच्या दिवसांत, वेचणीच्या हंगामात बाई अंधारात घर सोडते आणि अंधारातच परतते. त्या दिवसांत घर मागे पडणारच. वर्षातले काही महिने घर विस्कटलेलं राहील, हे आधीच मान्य केलं तर निम्मी चिडचिड कमी होते. शेताला हंगाम असतो तसा आवराआवरीलाही हंगाम असतो. महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी हे सण त्यासाठी आहेतच.

भाग ३. पसारा सगळ्यांचा, आवरणं एकटीचं

केंद्र सरकारचं सांख्यिकी खातं देशभर पाहणी करतं की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. २०२४ च्या पाहणीत असं दिसलं की घरकाम करणारी बाई बिनपगारी घरकामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास. घरकाम करणारा पुरुष घालवतो ८८ मिनिटं, म्हणजे दीड तासाला थोडं कमी. आणि हा आकडा फक्त अशा पुरुषांचा, जे घरकामाला हात लावतात. आधीच्या, २०१९ च्या पाहणीत दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांपैकी साधारण एकच होते.

हे पावणेपाच तास शेतातल्या मजुरीच्या, गटाच्या कामाच्या, शिलाईच्या आणि शेळ्यांच्या वेळेव्यतिरिक्त आहेत. आता सांगा, थकलेलं मन टवटवीत कसं राहील?

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊ. शेगावला श्री गजानन महाराजांच्या मंदिरात पाय ठेवला की मन शांत होतं, हा आपल्यापैकी अनेकींचा अनुभव आहे. श्रद्धा तर आहेच. पण तिथली स्वच्छता, रांगेतली शिस्त, प्रत्येक वस्तू जागच्या जागी असणं याचाही त्यात वाटा आहे. रोज एवढी गर्दी येते, तरी आवार लखलखीत असतं. हे कसं होतं? गावोगावचे हजारो सेवेकरी पाळीपाळीने सेवेला येतात. कुणी झाडतं, कुणी वाढतं, कुणी चपला सांभाळतं. मोठमोठ्या घरचे पुरुषही तिथे हातात झाडू घेतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. शेगावची स्वच्छता एकाच माणसावर टाकली असती, तर तो माणूस आठ दिवसांत आजारी पडला असता.

आपण शेगावला जाऊन प्रसन्न होऊन येतो आणि घरी आल्यावर सगळं आवार एकटीच झाडतो. तिथे सेवा म्हणून झाडू धरणारा घरात का धरत नाही, हा प्रश्न घरी प्रेमाने पण नक्की विचारण्यासारखा आहे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) यांनीही हेच करून दाखवलं. ते गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. खराटा हातात घेतलेला पुरुष संत होऊ शकतो, हे त्यांनी वऱ्हाडाला दाखवलं. त्यांच्याच नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. कर्ज काढून सण करू नका, हेही ते कीर्तनातून सांगत. घरातला कचरा आणि डोक्यावरचं कर्ज हे दोन्ही त्यांनी एकाच खराट्याने झाडले.

आपल्या आज्या-पणज्यांचंही आठवून पाहा. नवरात्राआधी घरातल्या वाकळा-गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या. एकटी कुणी जात नसे. दोघी मिळून गोधडी पिळायच्या, वाळूवर पसरायच्या आणि ती वाळेपर्यंत पोटातलं सगळं बोलून घ्यायच्या. काम कष्टाचंच होतं, पण घरी येताना गोधडीही हलकी झालेली असे आणि मनही. आता पाणी नळाला आलं, मोरी घरात आली, सोय झाली. पण काम एकटीचं झालं आणि बोलणं थांबलं. ती बोलायची जागा आज गटाच्या बैठकीने भरून काढायची आहे.

भाग ४. घराची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. गट चालतो तो थोडं थोडं पण नियमित केल्यामुळे, आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशी कामं वाटून घेतल्यामुळे. घरालाही हेच लागू होतं.

१. थोडं आणि रोज. सगळं घर एका दिवसात लख्ख करायचं ठरवलं की तो दिवस कधी उगवत नाही. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं एकच जागा घ्यावी. आज मांडणी, उद्या ओसरी, परवा कपड्यांची वलणी. पंधरा मिनिटं झाली की थांबावं. राहिलेलं उद्याचं. बचतीचे शंभर रुपये महिन्याला टाकतो, तसंच हे.

२. कागदांना एक जागा. सातबारा, पीक विम्याची पावती, आधार, रेशन कार्ड, बँकेची आणि गटाची पासबुकं, मुलांचे दाखले, दवाखान्याच्या चिठ्ठ्या हे सगळं एकाच पिशवीत किंवा पेटीत ठेवावं. पंचनाम्याला माणूस दारात उभा असताना, किंवा रात्री पोराला दवाखान्यात न्यायचं असताना कागद सापडला नाही की घरात जी आदळआपट होते, ती सगळ्यांना माहीत आहे. त्या आदळआपटीत बोलणी बाईलाच बसतात. आवरायला एकच गोष्ट निवडायची असेल तर ही निवडा. आणि पिशवी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, म्हणजे दर वेळी शोधायची जबाबदारी तुमची राहणार नाही.

३. वाटणी. घरातल्या सगळ्यांना बसवून कामं वाटा. ज्याने ताट घेतलं त्याने ते घासावं किंवा निदान उचलून न्हाणीत ठेवावं. आपापलं अंथरूण ज्याचं त्याने काढावं. पोराला आणि पोरीला सारखंच काम द्यावं. सासूबाई बसून लसूण सोलू शकतात, मालक पाणी भरू शकतात. सुरुवातीला काम मनासारखं होणार नाही. तेव्हा "राहू दे, मीच करते" हे चार शब्द टाळायचे. या चार शब्दांनी वाटलेलं काम परत आपल्याकडे येतं.

४. नको त्याला निरोप. फुटकी बादली, बंद पडलेला पंखा, दहा वर्षं न घातलेलं कापड हे "लागेल कधी" म्हणून ठेवलेलं असतं. दिवाळीच्या आधी ते काढून टाका. भंगारवाल्याला द्या किंवा गरजूला द्या. आणि नवीन वस्तू हप्त्यावर घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: ही ठेवायची कुठे? हप्ता फेडायचा कशातून? घरात जागा अडवणारी आणि डोक्यात हप्ता ठेवणारी वस्तू मनाला दुप्पट जड होते.

५. फवारणीचं औषध घरात नको. आवराआवरीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. कीटकनाशकाचे डबे फळीवर, खाटेखाली, धान्याजवळ ठेवू नयेत. लागेल तेवढंच आणावं. उरलंच तर राहत्या घरापासून लांब, कुलूप लावून ठेवावं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीच ओतू नये. रिकामे डबे घरकामाला वापरू नयेत. लहान मुलांसाठी तर हे हवंच, पण मोठ्यांसाठीही हवं. मनाचा कडेलोट होण्याचा क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी विष हाताशी नसलं तर तो क्षण टळू शकतो आणि माणूस वाचू शकतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास खाली आलं.

पाच सूत्रं झाली. त्यात एक वरची जोड घ्या: घरात स्वतःसाठी एक छोटी जागा. खिडकीजवळचा कोपरा असो, तुळशीजवळचा ओटा असो, नाहीतर एक लोखंडी पेटी असो. तिथे दुसऱ्या कुणाचा पसारा नको. सगळं घर आवरलेलं नसलं तरी चालेल, पण दिवसातून दहा मिनिटं टेकायला ती जागा आपली असावी.

भाग ५. तिचं अंगण झाडलेलं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. सीआरपी ताईंनी हा सावकाश वाचावा.

गटातली एखादी ताई बदललेली दिसते. पूर्वी घर नीटनेटकं असायचं, आता दुपारपर्यंत अंथरूण पसरलेलं. बैठकीला यायचं टाळते. केस विंचरलेले नाहीत. मुलं शाळेत जातात का, याचंही तिला भान नाही. अशा वेळी गावात बोललं जातं, "तिचं घर पाय ना कसं करून ठेवलं." खरं तर तेव्हा दुसरंच काही विचारायला हवं असतं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन सतत उदास राहणं, आवडीच्या गोष्टीतही रस न वाटणं, झोप न येणं किंवा फार येणं, भूक मरणं, विनाकारण थकवा, "माझा काही उपयोग नाही" असं वाटणं, जगणं नकोसं होणं, ही नैराश्याची लक्षणं आहेत. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. नुकतीच बाळंत झालेली बाई, घरचा कर्ता माणूस गमावलेली बाई, नापिकी आणि कर्जाच्या घरातली बाई, नवऱ्याच्या दारूने आणि मारहाणीने गांजलेली बाई यांच्याकडे आपण जास्त लक्ष द्यावं. पुरुषांमध्येही हीच लक्षणं असतात. घरच्या माणसाने बोलणं टाकलं असेल, शेतात जाणं सोडलं असेल, तर तेही मनावर घ्यावं.

काय करायचं?

पहिलं, जायचं आणि विचारायचं. "काऊन वं, बरं नाही काय तुले? चाल, दोघी मिळून भांडे घासू." तिच्या घरी जाऊन उपदेश करू नका. "सगळ्यांनाच दुःख असते, तू एकटीच आहे का?" असंही म्हणू नका. अर्धा तास तिच्यासोबत बसा, हाताला हात लावून एखादं काम करा. ती बोलली तर ऐका. नाही बोलली तर उद्या परत जा.

दुसरं, छोटं काम तिच्यासोबत करा. मन लागलं की काम करीन, असं आपल्याला वाटतं. नैराश्यात मन आपोआप लागत नाही. आधी एखादं छोटं काम होतं, मग मन थोडं वर येतं. उपचाराची एक पद्धतच या तत्त्वावर उभी आहे. गोव्यात संगत या संस्थेने गावपातळीवरच्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन सरकारी आरोग्य केंद्रांतून ही पद्धत वापरली. सहा ते आठ भेटींत नैराश्याच्या रुग्णांमध्ये चांगला फरक दिसला. म्हणून "सगळं घर आवर" असं तिला म्हणू नका. "आज फक्त चूल आणि चुलीपुढची जागा" म्हणा. तेवढं झालं की पुरे.

तिसरं, उपचारापर्यंत पोचवा. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे पाठवता येतं. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांचं दुःख सोसलेला जिल्हा आहे. म्हणूनच राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात बुलढाणाही होता. आशाताईंनी घरोघरी मनाबद्दलचे प्रश्न विचारायचे, ही पद्धत त्यातूनच आली. आशाताई असे प्रश्न विचारतील तेव्हा "सगळं बरं आहे" म्हणून टाळू नका, खरं सांगा.

चौथं, "मले जगावंसं वाटत नाही" असं कुणी म्हटलं, तर ते चेष्टेवारी नेऊ नका. तिला स्पष्ट विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध बाहेर काढा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पाचवं, तिचं बोलणं आपल्यापाशी ठेवा. बैठकीतली गोष्ट पारावर गेली, तर पुढच्या वेळी कुणीच बोलणार नाही. जीवाचा धोका असेल तर मात्र घरच्या विश्वासू माणसाला आणि आशाताईंना सांगावंच लागेल, आणि तसं तिलाही सांगावं.

"आपण साध्या बायका, आपल्याने काय होईल?" असं वाटत असेल, तर अमरावती जिल्ह्याचं उदाहरण पाहा. तिथल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून नैराश्याबद्दल घरोघरी बोलायला लावलं. आधी नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी ४ जणच मदत घ्यायचे. दीड वर्षानंतर २७ जण घेऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं. आपल्यासारख्याच मातीतल्या, आपल्यासारखंच बोलणाऱ्या माणसांनी हे केलं.

भाग ६. स्वच्छता अति झाली तर

एक बाजू राहिली. काही घरं फारच लखलखीत असतात आणि तिथल्या बाईला क्षणाची उसंत नसते. कुणी चप्पल वाकडी काढली तरी तिचा जीव कासावीस होतो. पोरांना घरात खेळायची चोरी. "लोक काय म्हणतील" या धाकाने ती घासत राहते. अशा ताईला सांगावं, बाई, घर माणसांसाठी आहे.

कधी यामागे आजारही असतो. हात पुन्हा पुन्हा धुणं, तेच भांडं दहा वेळा विसळणं, कुलूप लावलं का ते परत परत पाहणं, हे करायचं नाही असं ठरवूनही थांबवता न येणं, याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. हे सोवळं नाही आणि अंगात येणंही नाही. हाही उपचाराने बरा होण्यासारखा आजार आहे. बाबा-बुवांकडे नेण्याऐवजी डॉक्टरकडे न्यावं.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

(कुणावरही बोलण्याची सक्ती करू नये.)

१. घरातलं कोणतं राहिलेलं काम तुमच्या डोक्यात सारखं फिरतं? ते खरंच आज करायला हवं का?
२. काल तुमच्या घरात घरकामाला कुणी किती वेळ दिला? बोटांवर मोजून सांगा.
३. घरातलं कोणतं एक काम या महिन्यात दुसऱ्याकडे देता येईल? कुणाकडे?
४. फवारणीचं औषध तुमच्या घरात आत्ता कुठे ठेवलेलं आहे?
५. गेल्या दोन-तीन बैठकांना कोणती ताई आलेली नाही? तिच्या घरी कोण कोण जाणार?

या महिन्याची कृती

प्रत्येक सदस्याने कागदांची पिशवी तयार करावी आणि फवारणीचं औषध राहत्या घरातून हलवावं. किती घरांत हे झालं, याची नोंद पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात घ्यावी आणि ग्रामसंघाच्या बैठकीत सांगावी. पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात जिचं नाव आलं, तिच्याकडे दोघींनी या आठवड्यातच जावं. पुढच्या बैठकीपर्यंत थांबू नये. आणि जाताना तिचं घर पाहू नका, तिच्याकडे पाहा.